वीस बोंडांचा पुरावा : संख्याशास्त्राच्या उदाहरणसंग्रहाची प्रस्तावना

कपाशीला बोंडं धरली की कृषी विभागाचा एक सल्ला कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत हमखास पोचतो. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडा, फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत गुलाबी बोंडअळी निघाली तर फवारणी करा. विसात दोन म्हणजे 10 टक्के, आणि ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. देवगाव रंगारीच्या शिवारात सकाळी पिशवी घेऊन फिरणारा माणूस बोंडं मोजून घरी येतो, तेव्हा त्याने परिकल्पनेचं एक पूर्ण परीक्षण पार पाडलेलं असतं. नमुना घेतला, तो मोजला, आधी ठरवलेल्या सीमेशी ताडून पाहिला आणि निर्णय घेतला. पदवीच्या पहिल्या वर्षात जे प्रकरण सगळ्यांत अवघड वाटतं, ते एवढंच आहे.

पण या परीक्षणाला आणखी एक प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला शिकवणं हे या संग्रहाचं काम आहे. हा नियम किती वेळा चुकतो?

समजा, शेतातली खरी लागण नेमकी 10 टक्के आहे. एक बोंड निरोगी असण्याची संभाव्यता 0.9. वीसच्या वीस बोंडं निरोगी निघण्याची संभाव्यता 0.9 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.12. नेमकं एकच किडकं निघण्याची संभाव्यता 20 गुणिले 0.1 गुणिले 0.9 चा एकोणिसावा घात, म्हणजे सुमारे 0.27. दोन्हींची बेरीज 0.39. फवारणीची गरज असलेल्या अशा 100 शेतांपैकी साधारण 39 शेतांत हा नियम शेतकऱ्याला सांगेल की अजून थांब. उलट बाजूही पाहू. लागण फक्त 5 टक्के असेल, तर विसात दोन किंवा जास्त किडकी बोंडं निघण्याची संभाव्यता 0.26. म्हणजे गरज नसलेल्या चार शेतांपैकी एकात औषधाचा खर्च होणार. लागण 20 टक्क्यांवर गेली असेल, तर मात्र ती निसटण्याची शक्यता 7 टक्क्यांपर्यंत खाली येते.

यावरून हा सल्ला वाईट ठरत नाही. वीस बोंडं अर्ध्या तासात तोडून होतात, खर्च शून्य, आणि आठवड्याने पुन्हा पाहता येतं. शंभर बोंडं तोडायला सांगितली तर निम्मे लोक एकदाही पाहणार नाहीत. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची बोंडअळीने काय अवस्था केली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना वेळेवर घेतलेल्या ढोबळ नजरअंदाजाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण नियम वापरणाऱ्याला त्याच्या दोन्ही चुका ठाऊक असाव्यात. ‘एकच अळी निघाली’ याचा अर्थ ‘शेत सुरक्षित आहे’ असा नसतो. एवढं कळलेला मुलगा घरी बापाला म्हणेल, ‘दादा, चार दिवसांनी परत बघू.’ माझ्या लेखी त्याला संख्याशास्त्र आलं.

आता विद्यार्थ्यांच्या अडचणीबद्दल. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ आणि ‘सांख्यिकी’ ही दोन प्रकरणं लागोपाठ येतात. पहिल्यात फासे, नाणी आणि पत्ते. दुसऱ्यात मध्य, मध्यक, बहुलक आणि आलेख. दोन्हींना मार्क चांगले पडतात. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे तिथे उलगडत नाही. तो उलगडतो परिकल्पना परीक्षणात, कारण तिथे हाताशी सांख्यिकीतला आकडा असतो आणि त्याचं वजन संभाव्यतेच्या तराजूत करायचं असतं. हा सांधा न दिसलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, इथं झेड लावायचा की टी?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर आलेला आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी साध्या मराठीत, आकडा न वापरता लिहिता यायला हव्यात. आपण कोणत्या म्हणण्याची परीक्षा घेतोय? ते म्हणणं खरं असेल तर साधारण काय दिसायला हवं? आणि निर्णय चुकला तर भुर्दंड कोणाला? या संग्रहातल्या प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाच्या सुरुवातीला ही वाक्यं मुद्दाम लिहिली आहेत. ती गाळून थेट सूत्राकडे जाऊ नये.

बियाण्याचं उदाहरण घेऊ. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान 70 टक्के असावी, असं बीज प्रमाणीकरणाचं मानक आहे. मराठवाड्यात पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासायची मोहीम कृषी विभाग राबवतो. ओल्या गोणपाटावर ओळीने 100 बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. समजा 60 उगवल्या. दुसऱ्या घरी कोणी 20 बिया मांडल्या आणि 12 उगवल्या. दोन्हीकडे 60 टक्के. दोघांचीही तक्रार सारखीच पक्की का? बियाणं खरोखर 70 टक्के उगवणारं असेल, तर विसात 12 किंवा कमी उगवण्याची संभाव्यता जवळपास 23 टक्के आहे. म्हणजे चांगल्या बियाण्यातही असं सहज घडतं. शंभरात 60 किंवा कमी उगवण्याची संभाव्यता मात्र फक्त 2 टक्के. टक्केवारी तीच, पुराव्याचं वजन वेगळं. नमुन्याचा आकार दुर्लक्षून टक्क्यांवर भांडणाऱ्या बातम्या रोज छापून येतात, म्हणून हे एक उदाहरण पाठ व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता शंभरात 62 उगवल्या असं धरा. नेहमीच्या झेड सूत्राने प्रमाण त्रुटी निघते 0.0458, झेड येतो उणे 1.75 आणि पी-मूल्य 0.040. पाच टक्क्यांच्या आत, परिकल्पना नाकारा. पण हेच गणित प्रसामान्य वक्राचा आधार न घेता द्विपद वितरणाने काटेकोर केलं तर पी-मूल्य येतं 0.053. पाच टक्क्यांच्या बाहेर, नाकारू नका. बिया त्याच, गोणपाट तेच, आणि उत्तर उलटं! विद्यार्थी इथे गोंधळतो आणि विचारतो, खरं उत्तर कोणतं? दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात : पुरावा मध्यम आहे, बियाण्यावर शंका घ्यायला जागा आहे, आणखी शंभर बिया मांडा. पाच टक्के ही सीमा रोनाल्ड फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकातून जगभर रूढ झाली. विसात एक, ही वापरायला सोयीची रेघ आहे. तिच्या अलीकडे सत्य आणि पलीकडे असत्य अशी वाटणी तिने कधीच केलेली नाही. परीक्षेत रेघ पाळावी, कारण उत्तरपत्रिका तशी तपासली जाते. पण उत्तराच्या शेवटच्या ओळीत पी-मूल्यही लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येतं.

पी-मूल्याचा सगळ्यांत जास्त होणारा गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पी-मूल्य 0.05 आलं की ‘बियाणं चांगलं असण्याची शक्यता 5 टक्के’ असं लिहिलं जातं. सरळ हिशेबाने पाहू. एका दुकानात बियाण्याचे 100 लॉट आले. समजा त्यातले 90 चांगले, 70 टक्के उगवणारे. आणि 10 खराब, निम्मेच उगवणारे. नियम असा की शंभरात 62 किंवा कमी उगवल्या तर लॉट परत पाठवायचा. चांगल्या 90 पैकी साधारण 5 टक्के, म्हणजे 5 लॉट, केवळ योगायोगाने परत जातील. खराब 10 बहुतेक सगळेच परत जातील. परत गेलेले एकूण 15, आणि त्यात चांगले 5. नियमाची सार्थकता पातळी 5 टक्के, पण नाकारलेल्या मालातला तिसरा हिस्सा निर्दोष. दुकानात खराब माल मुळात कितीसा येतो, यावर हा हिस्सा ठरतो आणि ती माहिती पी-मूल्यात नसते. सशर्त संभाव्यतेचं प्रकरण परीक्षणाच्या आधी ठेवण्याचं कारण हेच. ते वगळून पुढे उडी मारणाऱ्याचं गणित बरोबर येतं आणि वाक्य चुकतं.

संभाव्यतेच्या बाकी उदाहरणांबद्दल थोडक्यात. गुणाकार करण्याआधी घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे दर वेळी विचारावं. ‘पाच वर्षांतून एकदा दुष्काळ’ याचा अर्थ एकदा पडला की चार वर्षं निर्धास्त, असा होत नाही. दर वर्षीची संभाव्यता 0.2 आणि वर्षं स्वतंत्र मानली, तर पाच वर्षांत एकदा तरी दुष्काळ पडण्याची संभाव्यता 0.67 येते, खात्री नव्हे. आणि वर्षं स्वतंत्र मानावीत का, हेही तपासायला हवं; 2014 आणि 2015 ही दोन कोरडी वर्षं मराठवाड्याने पाठोपाठ सोसली आहेत. बोंडांचंही तेच. वीस बोंडं एकाच झाडाची तोडली तर वर केलेला गुणाकार निकामी होतो, कारण अळी शेजारच्या बोंडात जास्त सापडते. ‘वेगवेगळ्या झाडांवरची’ हे सल्ल्यातले दोन शब्द म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

या संग्रहात ज्या विषयावर सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, तो आहे पीक कापणी प्रयोग. देवगाव रंगारी हे महसूल मंडळ आहे, आणि पीक विम्याचा निर्णय मंडळाच्या पातळीवर होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत मंडळात एका पिकासाठी किमान 10 प्रयोग सांगितले आहेत. गाव आणि गट क्रमांक यादृच्छिक रीतीने निवडायचा, शेतातला कोपराही यादृच्छिक अंकांवरून ठरवायचा, खुंट्या ठोकून दोरीने ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, आतलं पीक कापून, मळून वजन करायचं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्यात ही कामं वाटलेली असतात. या वजनांची सरासरी उंबरठा उत्पन्नाशी ताडली जाते. उंबरठा काढताना मागच्या सात वर्षांतली जास्त उत्पन्नाची पाच वर्षं घेऊन त्यांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात तो 70 टक्के आहे. सरासरी उंबरठ्याच्या जितकी खाली, तितक्या प्रमाणात भरपाई. मंडळातल्या हजारो खातेदारांचं त्या हंगामाचं नशीब या दहा चौकोनांत असतं. मुलांना संख्याशास्त्र यायला हवं असं मी कळकळीने म्हणतो, त्यामागे हे कारण आहे.

मक्याचं एक उदाहरण घेऊ, आकडे उदाहरणापुरते. उंबरठा हेक्टरी 20 क्विंटल. दहा प्रयोगांची सरासरी 18, प्रमाण विचलन 4. प्रमाण त्रुटी 4 भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे 1.26. टी येतो उणे 1.58. नऊ स्वातंत्र्य कोटींना एकतर्फी पाच टक्क्यांची सीमा 1.833. म्हणून ‘उत्पन्न उंबरठ्याइतकं आहे’ ही परिकल्पना नाकारता येत नाही. विद्यार्थी इथे थांबतो आणि लिहितो, ‘नुकसान झालेलं नाही.’ नेमकी इथेच पेन्सिल खाली ठेवावी आणि पुन्हा विचार करावा. 95 टक्के विश्वास अंतर काढलं तर ते 15.1 पासून 20.9 क्विंटलपर्यंत पसरतं. खरी तूट शून्य असू शकते आणि 24 टक्केही असू शकते. दहा चौकोनांनी एवढंच सांगितलं आहे. ‘नुकसान सिद्ध झालं नाही’ आणि ‘नुकसान झालं नाही’ या दोन वाक्यांत शेतकऱ्याची एका हंगामाची कमाई मावते.

योजना हे परीक्षण करत नाही, हेही लक्षात घ्यावं. ती सरासरी 18 हाच खरा आकडा धरते आणि 10 टक्के तूट मोजते. मला ही रीत या जागी जास्त न्याय्य वाटते. परीक्षण लावलं असतं, तर सिद्ध करण्याचा भार ‘नुकसान नाही’ या परिकल्पनेच्या उलट बाजूवर, म्हणजे पूर्णपणे शेतकऱ्यावर पडला असता. आणि नमुना जितका लहान, तितका तो भार जड झाला असता. शून्य परिकल्पना कोणती ठेवायची हा प्रश्न पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत उरकतात. प्रत्यक्षात पुराव्याचं ओझं कोणी वाहायचं, ते तिथेच ठरतं. मात्र सरासरीबरोबर तिची प्रमाण त्रुटीही जाहीर व्हावी, असं माझं ठाम मत आहे. दोन आकड्यांची एक ओळ, आणि मंडळात प्रयोग पुरेसे झाले की नाहीत हे कोणालाही पाहता येईल.

लहान नमुन्याचं हे टी वितरण शेतमालातूनच जन्मलं. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात विल्यम गॉसेट काम करत. बार्लीचे प्रयोग मोजकेच, आणि निष्कर्ष तर काढायचाच. 1908 साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला निबंध छापला. पुढे निर्णयातल्या दोन चुकांचा रेखीव सिद्धान्त येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी मांडला. त्यांचा प्रसिद्ध निबंध 1933 चा. त्या वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात या दोघांच्या हाताखाली शिकणारा एक मराठी तरुण होता : सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1936 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या यादृच्छिक सर्वेक्षणांची घडी बसवली. तोवर उत्पन्नाचा अंदाज म्हणजे पाहणीवर ठरवलेली आणेवारी. नमुन्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक यांनी 1920 च्या दशकात भातावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. पण देशभर चालणारी, साध्या कर्मचाऱ्याला दोरी-खुंट्या घेऊन करता येणारी पद्धत उभी राहिली ती सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांच्या पिढीत. पानसे मूळचे कापसाचे संशोधक. या दोघांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 साली निघालं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. देवगावच्या मक्याच्या शेतात आज आखला जाणारा चौकोन त्याच परंपरेतला आहे.

सुखात्मे यांचा एक वाद प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान चौकोन घेण्याच्या बाजूचे होते. त्यात वेळ वाचतो आणि जास्त ठिकाणी पोचता येतं. सुखात्मे म्हणत होते की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. चौकोन लहान, तर क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी. म्हणून चूकही मोठी. 1946 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडलं. यातली खोच अशी की असे चौकोन दहाऐवजी हजार केले तरी ही चूक कमी होत नाही. प्रमाण त्रुटी घटते, विश्वास अंतर अरुंद होतं, टी मोठा येतो, आणि आपण चुकीच्या आकड्याबद्दल जास्त ठाम होतो. सूत्रात या चुकीला जागाच नाही. ती शोधायची तर खुंटीपाशी उभं राहावं लागतं.

म्हणून संग्रहाच्या शेवटच्या भागात दिलेल्या उदाहरणांना आकडे दिलेले नाहीत. ते विद्यार्थ्याने स्वतः गोळा करायचे आहेत : कपाशीची वीस बोंडं, गोणपाटातल्या शंभर बिया, आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मक्यातले काही चौकोन. जमल्यास लासूरच्या बाजारातले कांद्याचे भाव आठवडाभर टिपून त्यावर काम करावं. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहे आणि टी-सारणी मागच्या पानावर छापली आहे, त्यामुळे आकडेमोडीला फार वेळ लागणार नाही. वेळ लागावा तो वहीच्या पहिल्या पानाला. तिथे शेतात जाण्यापूर्वी, तारीख घालून, तीन गोष्टी लिहाव्यात : कोणतं म्हणणं तपासतोय, किती आकडा आला तर ते नाकारणार, आणि नमुना कसा निवडणार. गट क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढला असेल तर तसं लिहावं. रस्त्याच्या कडेचं शेत सोपं पडलं म्हणून घेतलं असेल तर तेही लिहावं. नंतर आकडे पाहून पहिल्या पानावर खाडाखोड करू नये. उत्तरं दोन विद्यार्थ्यांची वेगळी आली, तर दोघांनी एकमेकांच्या वहीचं पहिलं पान आधी वाचावं, गणित नंतर तपासावं.